दस्ता आणि हात

बंदुकीच्या लाकडी भागास मराठींत ‘दस्ता’ म्हणतात. शब्द फारसी, आणि ‘दस्त’ म्हणजे हात यापासून तो निघाला, हें वाचकांस निराळें सांगावयास नको. इंग्रजींत त्याच भागास ‘स्टॉक’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा. हिंदींतील ‘कुंदा’ हा शब्दही ओंडक्याचाच वाचक आहे. एका भाषेनें वस्तूंतील लाकूड पाहिलें, दुसरीनें ती धरणारा हात पाहिला. शब्दांवरून इतिहास रचण्याची खोड आमच्या पिढींतील प्राध्यापकांस फार, आणि तिच्यापासून दूर राहण्याचा उपदेश आम्हीं विद्यार्थ्यांस पुष्कळ वर्षें केला आहे. तथापि गेल्या वर्षीं भिवंडींतील निजामपुऱ्यांत एका सुताराच्या दुकानीं दोन-चार सकाळी घालविल्यापासून हा भेद अगदींच पोकळ नसावा असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

प्रसंग घरगुती होता. आमची तेरा वर्षांची भाची शाळेंतून नेमबाजी शिकूं लागली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें मनू भाकर हिनें हवेच्या पिस्तुलानें दोन कांस्यपदकें मिळविलीं आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यानें बंदुकीच्या नेमबाजींत तिसरा क्रमांक पटकाविला, तेव्हांपासून आमच्याकडील पुष्कळ घरांतून हें वेड शिरलें आहे. तें वाईट नाहीं. मेहुण्यांनीं तिला सरावाकरितां एक साधें हवेचें पिस्तूल आणून दिलें. पण तिचा हात कांपे, छर्रा पुठ्ठ्याच्या कडेस लागे, आणि घरांत सर्वांनीं एकमतानें ठरविलें कीं मुलीच्या मनगटांत जोर नाहीं. मेहुण्यांनीं तोड काढली ती अशी, कीं पिस्तुलास मागून एक लाकडी दस्ता जोडावा, म्हणजे तें खांद्यास टेकवितां येईल व हात स्थिर राहील. तयार दस्ते परदेशीं मिळतात. पण या पिस्तुलास बसेल असा कोठें मिळेना. शेवटीं निजामपुऱ्यांतील एका मिस्त्रींचें नांव कोणीं तरी सुचविलें, आणि इतिहासाचा प्राध्यापक म्हणून कीं काय, काम आमच्याकडे आलें.

मेहुण्यांची ही कल्पना नवी नव्हती. पिस्तुलास खांद्याचा दस्ता लावावा ही युक्ति चकमकीच्या काळापासून घोडेस्वारांच्या उपयोगासाठीं निघालेली आहे. तिचें सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे १८९६ सालीं जर्मनींत निघालेलें माउझर पिस्तूल. त्याची म्यान अक्रोडाच्या लाकडाची असून आंतून पोकळ. पिस्तूल बाहेर काढलें कीं तीच म्यान त्याच्या मुठीस मागून अडकवावी, आणि म्यानेचा दस्ता व्हावा. याच पिस्तुलाशीं आमच्या मुंबईचा एक दुरून संबंध येतो. १८९६ च्या ऑक्टोबरांत विन्स्टन चर्चिल हा तरुण लष्करी अधिकारी मुंबईस ससून डॉकवर उतरतांना धक्क्याच्या भिंतींतील लोखंडी कडी धरूं गेला, होडी लाटेबरोबर खालीं गेली, आणि त्याचा उजवा खांदा निखळला. तो पुढें जन्मभर अधूनमधून दगा देई. दोन वर्षांनीं सुदानांत ओमदुर्मानच्या लढाईंत घोडदळाचा हल्ला झाला तेव्हां खांद्यामुळें त्यानें तलवार न उपसतां माउझर पिस्तूल हातीं धरलें. मोडक्या खांद्याच्या माणसानें आपल्या अंगास जुळेल असें शस्त्र निवडलें, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या महायुद्धांत जर्मन तोफखान्याच्या शिपायांस लांब नळीचें लुगर पिस्तूल देण्यांत आलें, त्यासही फळीसारखा सपाट दस्ता जोडीत.

हवेच्या शस्त्रांची हकीगत थोडी निराळी. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यांत जिरार्दोनी या कारागिरानें केलेली हवेची बंदूक होती. १८०४ ते १८०६ या सालांत अमेरिका खंड ओलांडून गेलेल्या लुइस व क्लार्क यांच्या तुकडीबरोबरही हवेची एक बंदूक होती. जिरार्दोनीच्या या बंदुकीचा दस्ता लाकडाचा नव्हताच. दाबलेली हवा भरण्याची लोखंडी टांकी, तीच मागें दस्त्याच्या ठिकाणीं बसविलेली असे. म्हणजे खांद्यास टेके तोच बंदुकीचा प्राण. पुढें कमानीच्या जोरावर हवा दाबण्याची युक्ति साधली. १९२४ सालीं इंग्लंडांत वेब्ली कंपनीनें आपलें पहिलें हवेचें पिस्तूल विकावयास काढलें, आणि हें शस्त्र घरच्या अंगणांत आलें. यांत दारू नाहीं, धूर नाहीं, खांद्यास बसणारा धक्काही जवळजवळ नाहीं. तेव्हां अशा पिस्तुलास दस्ता कशाकरितां, हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर, केवळ नजर, हात आणि नळी एका रेषेंत धरण्याकरितां.

निजामपुरा हा भिवंडीस चिकटलेला भाग, आणि त्याचें नांव नगराच्या नांवांत अजून जोडून घेतात; महानगरपालिका भिवंडी-निजामपूर अशी म्हणवते. कामवारी नदी जवळूनच जाते. आज या गांवाचें नांव काढलें कीं यंत्रमागांची खडखड कानीं येते, आणि १९३० नंतरच्या काळांत येथें यंत्रमाग आले तेव्हांपासूनची ती ओळख आहे. पण लाकडाशीं या खाडीकांठाचा संबंध त्याहून पुष्कळ जुना. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, आणि लगेच या खाडींत गलबतें बांधावयास सुरुवात झाली. मराठ्यांच्या आरमाराचा पाळणा तो येथलाच. या कामावर रुय लैतांव व्हियेगस नांवाचा एक पोर्तुगीज कसबी व त्याचा मुलगा असे होते. १६५९ सालीं वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं त्यांस वळवून घेतलें आणि ते काम टाकून निघून गेले, असें पोर्तुगीज कागदपत्रांवरून कळतें. आरमार त्यांच्यावांचून झालें, यावरून येथील सुतारांच्या हाताचा अंदाज करावा. इतिहासकार त्या गलबतांच्या तोफा मोजतात. तासणी कोणीं चालविली याची नोंद ठेवण्याची मात्र तेव्हां कोणास गरज वाटली नाहीं. असो.

मिस्त्रींचें दुकान म्हणजे एका यंत्रमागाच्या शेडला लागून असलेली आठ-दहा फुटांची जागा. वय सत्तरीच्या घरांत. त्यांचें आयुष्य मागाच्या लाकडी भागांवर गेलेलें: धोटे, फणीची चौकट, धोट्यास तडाखा देऊन एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे फेंकणारी काठी. या काठीस मिनिटास शंभराहून अधिक तडाखे सोसावे लागतात. तेव्हां कोणतें लाकूड मार खातें आणि कोणतें चिरतें, याविषयीं त्यांच्याहून अधिकारी माणूस शोधून सापडला नसता. आम्ही पिस्तूल, त्याचे कागद आणि कागदावर काढलेला दस्त्याचा आराखडा पुढें ठेविला. आराखडा एका इंग्रजी पुस्तकावरून मापें घेऊन आम्हींच काढलेला होता, आणि खरें सांगावयाचें तर त्याचा आम्हांस किंचित् अभिमानही होता. मिस्त्रींनीं चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलें, “साहेब, हें कोणाच्या हातांत जायचें?”

आम्हीं भाचीचें नांव सांगितलें.

“मग बेटीला आणा. पिस्तूल काय, पिशवींतून येतें.”

परत येतांना आम्ही थोडे चिडलों होतों, हें कबूल केलें पाहिजे. पण गाडींत बसल्या बसल्या विचार केला, तेव्हां ध्यानांत आलें कीं मिस्त्रींनीं जो प्रश्न विचारला तो शस्त्रांच्या इतिहासांतला एक मोठा प्रश्न आहे, आणि आमच्या पुस्तकांनीं तो फारसा विचारलेला नाहीं.

आपल्याकडील तोड्याच्या बंदुकी पाहाव्या. संग्रहालयांतून त्या भिंतीस टांगलेल्या असतात. लोक त्यांच्या नळीवरील नक्षी पाहून पुढें जातात. दस्ता पाहिला तर तो सडपातळ, जवळजवळ सरळ, मागील टोंकास निमुळता. आजच्या दृष्टीस तो खांद्यास टेकावयास अगदींच अपुरा वाटतो. कोठें हस्तिदंत बसविलेला, कोठें पितळेचे पत्रे, कोठें नुसता तेल पिऊन काळा झालेला. दोन दस्ते सारखे सहसा नसतात. नळी लोहाराकडची, दस्ता सुताराकडचा, आणि सुतार ज्याच्या त्याच्या अंगाबांध्याकडे पाहून लाकूड तासी. यांत कौतुकाचा भाग आहे तसा दुबळेपणाचाही आहे. एकाच्या बंदुकीचा मोडका भाग दुसऱ्याच्या बंदुकीस बसत नसे, आणि मोहिमेंत ही गोष्ट जिवावर येई.

मग कवायती पायदळ आलें. पानिपतावर १७६१ सालीं इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनीं जें केलें तें सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर महादजी शिंद्यांनीं १७८४ सालीं द बॉयन यास चाकरींत घेतलें, आणि आग्र्यास सँग्स्टर नांवाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखालीं तोफांबरोबर चकमकीच्या बंदुकाही होऊं लागल्या. एक बंदूक दहा रुपयांत पडे व ती विलायती मालाच्या तोडीची असे, असें त्या काळावरील इंग्रजी ग्रंथ सांगतात. आतां येथें दस्त्याचा स्वभाव बदलला. ओळींत खांद्यास खांदा लावून उभ्या असलेल्या शेंकडों शिपायांनीं एका हुकुमानें बंदूक उचलावयाची, तर प्रत्येकाचा दस्ता एकाच मापाचा आणि प्रत्येकाचा खांदा एकच, उजवा, असावा लागतो. कंपनी सरकारच्या बंदुकीची नळी ३९ इंचांची होती. इंग्लंडच्या सैन्यानें १७९० नंतर तोच नमुना उचलला, आणि तेथील उंच शेतकऱ्यापासून मद्रासेच्या ठेंगण्या शिपायापर्यंत सर्वांच्या खांद्यास एकच दस्ता टेकूं लागला.

यांत डावखुऱ्या माणसाचें काय झालें असेल? चकमकीच्या बंदुकीचा रंजकाचा कान उजव्या अंगास असतो. रंजक पेटतें तेव्हां ज्वाळा व ठिणग्या त्याच बाजूस उडतात. उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्याचें तोंड त्यापासून अंमळ दूर राहतें. डाव्या खांद्यावरून झाडणाऱ्याचा डोळा मात्र नेमका तेथें येतो. शिवाय रांगेंत एकट्यानें डावा खांदा लावला तर शेजाऱ्याची कवायत बिघडते. अर्थात् डावखुरे शिपाई उजवे केले गेले. ज्यांस तें साधलें नाहीं ते वाईट नेमबाज ठरले असतील, आणि त्यांचा नेम चुकतो याचें कारण त्यांच्या अंगीं शोधलें गेलें असेल.

मापाच्या बाबतींत सरकारास पुढें थोडी सुबुद्धि झाली. दोन्ही महायुद्धांत आपल्याकडील शिपायांनीं वापरलेली ली-एन्फील्ड बंदूक बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांतही होत असे. तिचा मागील दस्ता मोठ्या पेंचानें जोडलेला असून तो चार लांबींत मिळे: नेहमींचा, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आंखूड, आणि एक इंच आंखूड. लाखांनीं निघणाऱ्या बंदुकींत माणसाच्या बाहूकरितां एवढी जागा ठेविली, हें थोडें नव्हे. विलायतेंतील श्रीमंत शिकाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे बंदूकवाले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं सांध्यासांध्यांत हलणारी एक मापाची बंदूक गिऱ्हाइकाच्या हातीं देत, आणि त्याचा खांदा, गाल व डोळा जेथें स्थिरावेल तीं मापें घेऊन दस्ता कोरीत. उजव्यासाठीं तो किंचित् उजवीकडे झुकविलेला, डावखुऱ्यासाठीं डावीकडे. शिंप्यानें कोट बेतावा तसा.

दुसऱ्या खेपेस भाचीला बरोबर नेलें. मिस्त्रींनीं पिस्तुलास हातही लावला नाहीं. समोर भिंतीवर एक जुना धोटा टांगलेला होता. “बेटी, दोन्ही डोळे उघडे ठेव आणि त्या धोट्याच्या टोंकावर बोट धर.” तिनें डाव्या हाताचें बोट धरलें. “आतां डावा डोळा मीट.” तिनें मिटला आणि म्हणाली, “बोट सरकलें.” “आतां उजवा मीट.” बोट जागच्या जागीं राहिलें. मिस्त्री आमच्याकडे वळून म्हणाले, “मुलगी डावरी आहे. हात डावा, डोळा डावा. आणि ही मूठ उजव्या हाताची.”

पिस्तुलाच्या मुठीवर अंगठ्यासाठीं एका बाजूस फुगवटा व दुसऱ्या बाजूस बोटांसाठीं खांचा असतात, हें आम्हीं पाहिलें होतें. पण ती मूठ एका विशिष्ट हाताची आहे हें आमच्या डोक्यांत आलें नव्हतें. भाची इतके दिवस उजव्या हातानें नेम धरीत होती. कां, असें विचारतां ती खालीं पाहून म्हणाली, “मामा, तुम्हीच सांगितलं होतं ना, उजव्या हातानं करायचं.”

तें खरें होतें. ती चार वर्षांची असतांना पाटीवर डाव्या हातानें ‘ग’ काढीत होती, तेव्हां तिच्या हातांतील पेन्सिल काढून उजव्या हातांत देणारे आम्हीच. मारलें नाहीं, रागावलोंही नाहीं. मोठ्या प्रेमानें दिली. आमच्या आजोबांनीं आमच्या धाकट्या भावास असेंच शिकविलें होतें, आणि घराण्याची रीत म्हणून तें आमच्याकडे आलें होतें. लिहावयास ती आज उजव्या हातानेंच लिहिते. गारद्यांच्या पलटणींत डावखुऱ्यांचें काय झालें असेल, याविषयीं वर जें लिहिलें तें या प्रसंगानंतर सुचलेलें आहे. आधीं सुचलें असतें तर आम्ही अधिक बरे इतिहासकार ठरलों असतों.

दस्ता करण्याचा विचार मिस्त्रींनीं सोडला नाहीं, कारण आमचा आग्रह होता. पण त्यांनीं आधीं मूठ करण्याचें ठरविलें. लाकडावरून थोडा वाद झाला. आमचें म्हणणें, वाड्याच्या जंगलाचा साग असतां दुसरें लाकूड कशाला? जुन्या ठाणें जिल्ह्याचा अभिमान असा अस्थानीं उफाळून येतो. मिस्त्री म्हणाले, साग दारास, खिडकीस, गलबतास उत्तम. पाण्यांत राहील, वाळवीस दाद देणार नाहीं. पण पातळ काढला आणि त्यांत स्क्रू पिळला कीं तो रेषेनें फुटतो, शिवाय हत्याराची धार खातो. अक्रोड हलका, चिवट, एकदां वाळला कीं हवेप्रमाणें फुगत-आंखडत नाहीं. जगभर बंदुकीचे दस्ते त्याचे होतात ते याचमुळें. पण काश्मीरचें तें लाकूड येथें हातीं नव्हतें. शेवटीं एका मोडीत निघालेल्या पलंगाच्या पायाची शिसव त्यांनीं काढली. पुष्कळ वर्षें मुरलेली, गाभ्याचीच, पांढरें लाकूड कोठें नाहीं. “हिला आतां वाळायचं राहिलं नाहीं,” एवढेंच ते म्हणाले.

मापें घेण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. घरांतून त्यांनीं कणकेचा एक घट्ट गोळा मागविला, पिस्तुलाच्या उघड्या लोखंडी सांगाड्याभोंवतीं तो थापला, आणि भाचीला डाव्या हातानें तें धरून समोरच्या धोट्याकडे पाहत उभें केलें. तीन वेळां धरावयास लावलें, तीन वेळां कणीक पुन्हां सारखी केली. तिसऱ्या वेळीं उमटलेल्या बोटांच्या खुणांवरून दोऱ्यानें मापें घेतलीं. मग करवत, पटाशी, कानस. आणि शेवटीं पॉलिशपेपर. प्रत्येक टप्प्यास भाचीचा हात. लाकूड जेथें टोंचे तेथें ती बोट दाखवी आणि तेथें कानसेचे दोन हात कमी होत. एकदां तळव्याखालचा टेंका जास्त घांसला गेला. त्यांनीं कांहीं न बोलतां ती मूठ बाजूस ठेवून दुसऱ्या तुकड्यावर नव्यानें आरंभ केला. तयार मुठीस त्यांनीं अळशीच्या तेलाचे चार हात दिले, प्रत्येक हात मुरावयास एक दिवस. व्हार्निश नको म्हणाले. घामानें हात निसटतो.

स्पर्धेचे नियम या वेळेपर्यंत आम्हीं वाचून काढले होते, आणि ते आधीं वाचावयास हवे होते. हवेच्या पिस्तुलाची दहा मीटरांची स्पर्धा १९८८ सालीं सोलच्या ऑलिंपिकमध्यें आली. तींत पिस्तूल एकाच हातानें, कोणताही आधार न घेतां धरावयाचें असतें. मुठीचा कोणताही भाग मनगटास आधार देतां कामा नये. पिस्तुलाचें वजन १५०० ग्रॅमच्या आंत आणि चाप दाबावयास निदान ५०० ग्रॅमचा भार हवा. आणि सबंध पिस्तूल मुठीसकट ४२० मिलिमीटर लांब, २०० उंच व ५० रुंद अशा पेटींत बसलें पाहिजे. म्हणजे खांद्याचा दस्ता तेथें मुळींच चालत नाहीं. मूठ मात्र ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणें घडविण्यास पूर्ण मोकळीक आहे. मोठे नेमबाज आपल्या मुठीवर स्वतः कानस चालवितात, लाकडाचा लगदा लावून ती भरतात, पुन्हां घांसतात, हें आम्हांस नंतर कळलें. मिस्त्रींस यांतील एकही नियम ठाऊक नव्हता.

नवी मूठ बसवून भाचीनें पहिल्यांदा डाव्या हातानें पिस्तूल उचललें तें त्या दुकानांतच, छर्रा न भरतां. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. आम्हीं विचारलें, “बसली का नीट?” तिनें मान हलविली, पण हात खालीं आणला नाहीं. घरीं आल्यावर पहिले दहा छर्रे पूर्वीच्याहून वाईट गेले; डावा हात इतकीं वर्षें रिकामा होता. दोन महिन्यांनीं ती शाळेच्या संघांत आली, तेही राखीव म्हणून. तिच्या प्रशिक्षकांनीं मुठीकडे पाहून ती कोठून मागविली असें विचारलें.

दस्ताही झाला. मिस्त्रींनीं तो आमच्या आराखड्याबरहुकूम, एका सुताचाही फरक न करतां घडविला, आणि पिस्तुलास जोडून दाखविला. तो कोणाच्याच खांद्यास बसत नाहीं. त्याचे पैसे मात्र ते घेईनात. मुठीचे घेतले, दस्त्याचे नाहींत. पुष्कळ आग्रह केल्यावर म्हणाले, “तें लाकूड वायां गेलं, साहेब, त्याचे काय पैसे घ्यायचे?” सध्यां तो आमच्या लिहिण्याच्या मेजावर आहे, आणि त्याखालीं विद्यार्थ्यांचे निबंध दाबून ठेवतों.